डावीकडचं पान

१९३८ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या लॉस गॅटोस या गावी एका छत्तीस वर्षांच्या लेखकानं आपलं लिहून झालेलं पुस्तक नष्ट केलं. साठ-सत्तर हजार शब्द, काही महिन्यांचे कष्ट. आदल्याच वर्षी 'ऑफ माइस अँड मेन' या त्याच्या छोट्या कादंबरीचा मोठा बोलबाला झाला होता आणि त्या नावावर हे पुस्तकही खपलं असतं. पण जॉन स्टाइनबेकनं ते छापू दिलं नाही. सॅलिनास या त्याच्या जन्मगावी मजुरांचा संप मोडून काढणाऱ्या बड्या मंडळींची त्यात त्यानं सालटी काढली होती. लिहून झाल्यावर त्याला जाणवलं, की माणसानं माणसाला समजून घ्यावं म्हणून आपण आजवर लिहीत आलो आणि या पानांमधून मात्र आपण द्वेषच वाढवतो आहोत.

कलेच्या कामात वाटणाऱ्या भीतीविषयी बोलायचं, तर मला आधी ही घटना सांगावीशी वाटते, कारण हिच्यात भीती नाही. आमची आजी सणाला पुरणपोळ्या करायला बसली आणि पहिली पोळी तव्यावर फाटली, तर ती पोळी बाजूला ठेवायची, पुरण पुन्हा विस्तवावर परतून घट्ट करून घ्यायची आणि दुसरा उंडा लाटायला घ्यायची. पोळी फाटली हे तिला दिसत होतं. 'मला पोळ्याच येत नाहीत' हा विचार तिच्या आसपासही फिरकत नव्हता. शंकेनं ग्रासलेल्या लिहिणाऱ्या-गाणाऱ्या माणसाशी थोडा वेळ बोललं, की लक्षात येतं, त्यानं या दोन गोष्टी एकात कालवल्या आहेत. कविता फसली, म्हणजे मी फसलो. चित्र जमलं नाही, म्हणजे माझ्यात काही नाही. पहिल्या विधानातून पुढचं काम सुचतं, पुरण परतावंसं वाटतं. दुसऱ्यानं हातपाय गळतात, कारण त्यावर करण्यासारखं काही उरतच नाही.

स्टाइनबेकनं पुस्तक नष्ट केलं ते पहिल्या प्रकारच्या जाणिवेतून. दुसऱ्या प्रकारची शंका त्याला गाठणार होती ती त्यानंतर काही दिवसांतच, आणि ती पाच महिने त्याच्या टेबलाशी बसून राहणार होती.

झालं होतं असं. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या मध्यभागात दुष्काळ पडला, धुळीच्या वादळांनी जमिनीचा वरचा थर उडवून नेला, कर्जापायी शेतं गेली आणि ओक्लाहोमासारख्या राज्यांतली हजारो कुटुंबं मोडक्या गाड्यांमधून कॅलिफोर्नियाकडे निघाली. तिथं त्यांना फळं आणि कापूस वेचायची मजुरी मिळत होती, तीही कशीबशी. ऑक्टोबर १९३६ मध्ये स्टाइनबेकनं 'सॅन फ्रान्सिस्को न्यूज'साठी या स्थलांतरितांवर सात लेख लिहिले. सरकारी छावणीचा व्यवस्थापक टॉम कॉलिन्स याच्यासोबत तो वस्त्यांवरून हिंडला. १९३८ च्या सुरुवातीला व्हायसेलिया भागात पूर आला, तेव्हा पाण्यात बुडालेल्या तंबूंमध्ये उपाशी बसलेली कुटुंबं त्यानं डोळ्यांनी पाहिली. हे सगळं आता पुस्तकात यायचं होतं. विषय समोर उभा होता, माहिती हाताशी होती, आणि नेमक्या अशाच वेळी माणसाच्या पोटात गोळा येतो. किरकोळ विषयाला कोणी घाबरत नाही. आपल्याला ज्याचं मोल कळतं, तेच आपल्या हातून बिघडेल याची धास्ती वाटते.

मे महिन्याच्या अखेरीस त्यानं लिहायला सुरुवात केली आणि २६ ऑक्टोबरला कादंबरी संपली. जवळपास शंभर बैठका, सुमारे दोन लाख शब्द. रोज दोन हजार शब्दांचं माप त्यानं स्वतःला घालून दिलं होतं. मोठ्या खातेवहीत अगदी बारीक अक्षरात तो लिहायचा, बायको कॅरल ते टंकलिखित करायची. 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' हे नावही तिनंच सुचवलेलं. या काळात त्यानं आणखी एक गोष्ट केली. कामाला बसण्याच्या आगेमागे तो वेगळ्या रोजनिशीत काही ओळी खरडून ठेवत असे. त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी, १९८९ मध्ये ही रोजनिशी 'वर्किंग डेज' या नावानं प्रसिद्ध झाली. कलावंताच्या धास्तीचं इतकं प्रामाणिक, तारीखवार टिपण माझ्या वाचनात दुसरं नाही.

त्यात काय आहे? शेजारच्या घराचं बांधकाम चालू आहे आणि हातोड्याच्या आवाजानं डोकं उठलं आहे. पाहुणे येताहेत. कॅरलच्या टॉन्सिल्सची शस्त्रक्रिया झाली आहे. ऑगस्टमध्ये प्रकाशकाचं दिवाळं निघतं. नवी जागा विकत घ्यायची घालमेल चालू आहे. आणि या सगळ्याच्या मधून पुन्हा पुन्हा तेच रडगाणं वर येतं: आपण आळशी आहोत, आपल्यात दम नाही, हे पुस्तक खरोखर मोठं होऊ शकेल पण ते पेलण्याची ताकद आपल्यात नाही, आपण लेखक नाहीच, आजवर स्वतःलाही फसवत आलो आणि लोकांनाही. अमेरिकेतलं विसाव्या शतकातलं एक महत्त्वाचं पुस्तक हाताखालून उतरत असताना तो माणूस शेजारच्या वहीत हे लिहीत होता.

या रोजनिशीत धीराची वाक्यंही सापडतात, पण पुस्तक त्यांच्या जोरावर पुढे सरकलेलं दिसत नाही. ते सरकतं शंकेच्या पुढच्या ओळीनं. आज कोणता प्रसंग घ्यायचा, कोण बोलणार, किती पानं व्हायला हवीत. मनातला सगळा गाळ उपसून झाला, की त्याच नोंदीत तो आजच्या दिवसाकडे वळतो. पूर्ण पुस्तकाचा विचार करायचा नाही, फक्त आजचा भाग, हे तो स्वतःला परत परत बजावतो. शंका गेली म्हणून तो लिहायला बसला, असं एकाही दिवशी झालं नसावं. ती शेजारच्या वहीत बसली आणि खातेवही मोकळी राहिली.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे भीतीवरचा उपाय विचारला, की लोक सांगतात, मनातून काढून टाक. काढून कुठे टाकायची, ते कोणी सांगत नाही. डोक्यातून निघालेली गोष्ट कुठेतरी ठेवावी लागते.

शिकागो विद्यापीठातल्या जेरार्डो रमिरेझ आणि सियान बायलॉक या संशोधकांनी २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. परीक्षेच्या आधी काही विद्यार्थ्यांना दहा मिनिटं दिली आणि सांगितलं, या परीक्षेविषयी जे काही भय वाटतंय ते कागदावर लिहून काढा. प्रयोगशाळेतही हे करून पाहिलं आणि नववीच्या मुलांच्या जीवशास्त्राच्या खऱ्याखुऱ्या परीक्षेतही. ज्या मुलांना परीक्षेची विशेष धास्ती होती, त्यांची कामगिरी सुधारली. भलत्याच विषयावर दहा मिनिटं लिहिणाऱ्यांना हा लाभ झाला नाही. म्हणजे हात चालवण्यानं फरक पडला नव्हता. भीतीला नाव घेऊन कागदावर उतरवण्यानं पडला होता.

याचं कारण समजून घ्यायला स्वयंपाकघरातल्या ओट्याची कल्पना करावी. एका वेळी मनात धरून ठेवायच्या गोष्टींसाठी मेंदूकडे जागा थोडी असते. तिला कार्यकारी स्मृती म्हणतात. वाक्य लिहिताना आधीचं वाक्य, पात्राचा स्वभाव, पुढचा शब्द हे सगळं त्या ओट्यावर मांडलेलं असतं. त्याच ओट्यावर 'लोक काय म्हणतील', 'मागच्या वेळी काय झालं होतं', 'अमुक जण याहून किती छान लिहितो' अशी खरकटी भांडी येऊन पडली, तर पोळपाट ठेवायला जागा राहत नाही. मग माणूस म्हणतो, मला सुचतच नाही. खरं तर सुचण्यासाठी लागणारी जागा अडलेली असते. भांडी मोरीत नेऊन ठेवली, तर ती घासली गेली असं होत नाही, पण ओटा रिकामा होतो.

शरीराचंही थोडं सांगायला हवं. मेंदूतला अमिग्डाला हा बदामाच्या आकाराचा भाग धोका ओळखतो आणि शरीराला सावध करतो. रक्तात अॅड्रेनलीन उतरतं, छाती धडधडते, तळवे ओले होतात, तोंड कोरडं पडतं. समोर साप असो की कोरा कागद, शरीराची तयारी थोड्याफार फरकानं सारखीच. हार्वर्डमधल्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना अनोळखी माणसांपुढे गायला लावलं. गाण्याआधी काहींनी 'मला भीती वाटते आहे' असं म्हणायचं होतं, तर काहींनी 'मला उत्साह वाटतो आहे' असं. दुसऱ्या गटानं अधिक नेमकं गायलं. शांत व्हायचा प्रयत्न करण्यापेक्षा त्याच धडधडीला दुसरं नाव देणं सोपं जातं, कारण भीती आणि उत्साह या दोन्हीत शरीर जागंच असतं. आपल्या रंगभूमीवरच्या माणसांना हे प्रयोगशाळेशिवाय ठाऊक आहे. तिसरी घंटा होण्याआधी विंगेत उभ्या असलेल्या मुरलेल्या नटाचे हात धरून पाहा, ते गार लागतील. नारळ फुटतो, रंगदेवतेला नमस्कार होतो, पडदा वर जातो आणि तेच गारठलेले हात कामाला लागतात. धाकधूक पार संपली, तर ते काळजी करण्यासारखं लक्षण आहे असं सांगणारे ज्येष्ठ नट मला भेटले आहेत.

आता 'लोकांना फसवत आलो' म्हणणाऱ्या मनातल्या तोतयाकडे वळू. पानिपतावर १७६१ मध्ये सदाशिवरावभाऊ पडले आणि पुढे काही वर्षांनी 'मीच भाऊ' म्हणत एक जण उभा राहिला, हे आपल्याला इतिहासातून माहीत आहे. १७७६ मध्ये पुण्यात त्याचं बिंग फुटून त्याला देहान्त शिक्षा झाली. तो खरोखरच तोतया होता. पण स्वतःच्या जागेवर, स्वतःच्या कष्टानं बसलेला माणूसही आतून तोतया असल्यासारखा घाबरून असतो. आज ना उद्या आपलं बिंग फुटेल, हे वाटत राहतं. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये या अनुभवाचं पहिलं वर्णन केलं. दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांचा त्यांनी अभ्यास केला होता. पदव्या, मान, हुद्दे असूनही या स्त्रिया आपल्या यशाचं श्रेय नशिबाला किंवा परीक्षकांच्या चुकीला देत होत्या. पुढे पुरुषांमध्येही हेच आढळलं. क्लान्स आणि आइम्स यांनी याला रोग म्हटलेलं नव्हतं; रोगाचं लेबल नंतर लोकांनी चिकटवलं.

या भावनेची एक मेख अशी, की यशानं ती कमी होत नाही. तोतयाला सिंहासन मिळालं, तर बिंग फुटण्याचं भय वाढणारच. म्हणून 'एकदा पुस्तक निघू दे, मग माझी शंका जाईल' हा हिशोब चुकतो. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते कलेच्या क्षेत्रात अक्षरशः खरं आहे. इतका बारकाईनं हल्ला करायला वैऱ्याला आपली एवढी माहितीच नसते.

तरीही रोजनिशी, ओटा, दहा मिनिटं हे सगळं सांगून मी थांबलो, तर ती लबाडी होईल. काही भीती रोजनिशीत मावत नाही.

रशियन संगीतकार सर्गेई रखमानिनॉव याची पहिली सिंफनी मार्च १८९७ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये वाजवली गेली. तो तेव्हा चोविशीच्या उंबरठ्यावर होता. तालमी अपुऱ्या होत्या, ग्लाझुनोवचं संचालन ढिसाळ झालं आणि रचना अक्षरशः कोसळली. आतले बेसूर कानांवर पडू नयेत म्हणून आपण जिन्यावर जाऊन बसलो होतो, असं त्यानं पुढे सांगितलं. सेझार क्युई हा तिथला वजनदार समीक्षक. नरकात संगीत विद्यालय असतं आणि इजिप्तवरच्या अरिष्टांवर तिथल्या विद्यार्थ्याला रचना करायला सांगितली असती, तर ती अशीच झाली असती, अशा आशयाचं त्यानं लिहिलं. यानंतर जवळपास तीन वर्षं रखमानिनॉवच्या हातून मोठी अशी एकही रचना झाली नाही.

या तीन वर्षांत तो घरी तोंड लपवून बसला होता, असा समज आहे. ते पूर्ण खरं नाही. मॉस्कोतल्या मामोंतोवच्या खासगी ऑपेरा मंडळीत त्यानं वाद्यवृंदाचं संचालन केलं, तिथेच शल्यापिन या थोर गायकाशी त्याची मैत्री जमली. म्हणजे दुसऱ्यांचं संगीत त्याला हाताळता येत होतं. अडलं होतं ते स्वतःचं. मित्रांनी त्याला टॉलस्टॉयच्या भेटीला नेलं, थोरामोठ्यांच्या चार शब्दांनी उभारी येईल म्हणून. शल्यापिन गायला, हा पियानोवर बसला आणि टॉलस्टॉयनं विचारलं, असल्या संगीताची कोणाला गरज आहे का? जखमेवर मीठ म्हणतात ते हे.

मग १९०० च्या जानेवारीत घरच्यांनी त्याला डॉक्टर निकोलाय डाल यांच्याकडे धाडलं. डाल संमोहनानं उपचार करत आणि हौशीनं व्हायोला वाजवत. एप्रिलपर्यंत तो त्यांच्याकडे नियमित जात राहिला. खुर्चीत अर्धवट झोपेत असताना डाल त्याला सांगत, की तू कॉन्चेर्तो लिहायला घेशील, ते सहज होईल आणि चांगलं होईल. संगीतावर त्यांच्या पुष्कळ गप्पाही होत. यांतल्या कशानं गुण आला हे आज कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. माझा कौल गप्पांना आहे. ज्याच्या कामावर भर सभेत हसं झालं, त्याच्याशी दुसरा एक जाणकार माणूस आठवड्यामागून आठवडे त्याच कामाविषयी आदरानं बोलतो, हेच औषध असावं. त्या उन्हाळ्यात रचना सुचू लागली. आधी दुसरा आणि तिसरा भाग झाले, ते डिसेंबरात वाजवून पाहिले, आणि पहिला भाग सगळ्यात शेवटी जुळून आला. ९ नोव्हेंबर १९०१ रोजी दुसरा पियानो कॉन्चेर्तो मॉस्कोत पूर्ण वाजवला गेला, पियानोवर तो स्वतः. अर्पणपत्रिकेत डॉक्टर डाल यांचं नाव आहे.

त्या मैफलीच्या अवघे काही दिवस आधी एका मित्राच्या शेऱ्यानं तो पुन्हा हादरला होता आणि पहिला भाग साफ फसला आहे, असं त्याला वाटू लागलं होतं, ही नोंद मला डालांच्या गोष्टीइतकीच मोलाची वाटते. बरा झालेला माणूसही घाबरलेलाच होता. तरी तो पियानोवर जाऊन बसला.

मी नववीत असताना एका निबंध स्पर्धेत परीक्षकांनी मंचावरून माझा निबंध वाचून दाखवला, कसं लिहू नये याचा नमुना म्हणून. नाव घेतलं नाही, पण माझ्या वर्गातल्या मुलांना तो कोणाचा हे माहीत होतं. सभागृह हसलं. त्यानंतर अकरा वर्षं मी स्वतःचं असं काही लिहिलं नाही. कार्यालयातली टिपणं लिहिली, इतरांची भाषांतरं तपासली, मित्रांच्या लग्नपत्रिकांचे मजकूर केले. रखमानिनॉवच्या संचालनाविषयी वाचलं तेव्हा मला ती अकरा वर्षं आठवली. आपण काम करत असतो, फक्त ज्यात आपण उघडे पडू ते टाळत असतो, आणि या टाळण्याला व्यग्रतेचं रूप असल्यामुळे ते ओळखूही येत नाही.

विजय तेंडुलकरांचं 'गृहस्थ' हे सुरुवातीचं नाटक चाललं नाही, तेव्हा यापुढे नाटक लिहायचं नाही असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. १९५६ मध्ये 'श्रीमंत' लिहून त्यांनी तो निश्चय मोडला. तो पाळला गेला असता तर 'शांतता! कोर्ट चालू आहे' नाही आणि १९७२ चं 'घाशीराम कोतवाल'ही नाही. अपयशानंतरच्या आठवड्यात केलेल्या प्रतिज्ञांना फार मान देऊ नये, एवढं मला त्यातून घ्यावंसं वाटतं.

आणि बहिणाबाई चौधरी? त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, मळ्यात काम करताना गाणी ओठांवर येत आणि घरातलं कोणी ती उतरवून ठेवी. बहिणाबाईंना स्वतःविषयी शंका आल्याचं कुठे दिसत नाही. येणार कुठून? ऐकायला परीक्षक नव्हता, जातं होतं. संकोच झाला तो त्यांच्या मुलाला. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी, साहित्याच्या जगात काय चालतं ते जाणणारे, आणि म्हणूनच एका निरक्षर बाईची बोलीतली गाणी पुढे ठेवताना ते बिचकले. आचार्य अत्र्यांनी ती ऐकली आणि त्यांचं मोल ओळखलं. १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. बहिणाबाई आदल्याच वर्षी गेल्या होत्या.

जात्यापाशी परीक्षक नसण्याचं महत्त्व मेंदूच्या छायाचित्रांतही थोडंसं दिसतं. चार्ल्स लिम आणि ॲलन ब्राउन यांनी २००८ मध्ये सहा जॅझ पियानोवादकांना स्कॅनरमध्ये झोपवून, मांडीवर छोटा कीबोर्ड देऊन वाजवायला लावलं. पाठ केलेली धून वाजवताना आणि आयत्या वेळी सुचेल तसं वाजवताना मेंदूत काय फरक पडतो, हे त्यांना पाहायचं होतं. उत्स्फूर्त वादनात स्वतःवर पहारा ठेवण्याशी संबंधित असलेला, कपाळामागच्या बाजूचा भाग शांत झाला आणि स्वतःला व्यक्त करण्याशी जोडलेला मधला भाग जागा झाला. सहा जणांवरचा प्रयोग आहे, त्यावर इमले बांधू नयेत. पण ज्याला ज्याला रात्री एक वाजता चार ओळी सरसर सुचल्या आहेत आणि सकाळी त्याच ओळींची लाज वाटली आहे, त्याला हा पहारा ओळखीचा वाटेल. सकाळचा पहारेकरी शत्रू नाही. खाडाखोड त्याच्याशिवाय होणार नाही. त्यानं रात्री येऊ नये, इतकंच.

अकरा वर्षांनी मी पुन्हा लिहायला लागलो, ते वडिलांच्या दुकानातल्या एका जुन्या, लाल कापडी बांधणीच्या वहीत. बरीच पानं कोरी होती. त्या वहीत डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे मांडायची रीत होती. मी नकळत डाव्या पानावर आधी मनातलं लिहू लागलो: आज काय नकोसं वाटतंय, कोण हसेल, आपल्याला काय येत नाही. मग उजव्या पानावर लेख. चांगला की वाईट ते नंतर पाहू. सवय लागायला पावसाळाभर वेळ गेला. आजही दिवाळी अंकाची मुदत जवळ आली, की डावं पान भरून वाहतं आणि उजवीकडे जेमतेम दोन परिच्छेद होतात. त्या दोन परिच्छेदांवर मी दिवस संपवतो.

बऱ्याच वर्षांनंतर मला कळलं, की हे स्टाइनबेकनंही केलं होतं. १९५१ मध्ये 'ईस्ट ऑफ ईडन' लिहिताना त्यानं वेगळी रोजनिशी ठेवलीच नाही. त्याच मोठ्या वहीत उजव्या पानावर कादंबरी आणि डाव्या पानावर त्याचा संपादक आणि मित्र पास्कल कोविची याला रोजचं पत्र. हवा कशी आहे, पेन्सिली कशा चालताहेत, आज भीती कशाची वाटते आहे, आजच्या प्रकरणात काय करायचं आहे. तेरा वर्षांपूर्वीचं एकट्याचं पुटपुटणं आता कोणा एकाला उद्देशून होतं. रोजनिशी आणि डॉक्टर डाल, दोन्ही एका पानावर आले होते. मला कधी कधी वाटतं, कोविचीनं ती पत्रं त्याच दिवशी वाचली की नाही यानं काही बिघडलं नसेल. समोर एक हितचिंतक बसला आहे, असं धरून चालणं पुरेसं असावं. ज्यांच्याजवळ असं माणूस नाही, त्यांनी एखाद्या गेलेल्या मास्तरांना, आजीला, लहानपणच्या मैत्रिणीला उद्देशून डावं पान लिहावं. अनोळखी वाचकांच्या गर्दीला उद्देशून मात्र लिहू नये, ती गर्दी उजव्या पानाला पुढे भेटणारच आहे.

'द ग्रेप्स ऑफ रॅथ' १९३९ च्या एप्रिलमध्ये बाजारात आलं. हे लोकांना आवडणार नाही, फार प्रती छापू नका, असं स्टाइनबेकनं प्रकाशकाला आधीच कळवून ठेवलं होतं. त्या वर्षी अमेरिकेत सर्वाधिक खपलेली कादंबरी तीच ठरली. पुस्तकातली बरीच गोष्ट जिथं घडते, त्या कर्न परगण्यानं ऑगस्टमध्ये सार्वजनिक ग्रंथालयांत त्यावर बंदी घातली. पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. ज्या सिंफनीपायी रखमानिनॉवची तीन वर्षं गेली, तिची गोष्ट वेगळी झाली. ती त्याच्या हयातीत पुन्हा कधी वाजली नाही. १९४३ मध्ये तो अमेरिकेत वारला. त्यानंतर लेनिनग्राडच्या ग्रंथालयात तिचे वादकांसाठीचे सुटे कागद सापडले, त्यावरून रचना जुळवली गेली आणि ऑक्टोबर १९४५ मध्ये मॉस्कोत ती वाजली. तेव्हा श्रोत्यांना ती आवडली.

१९६२ च्या ऑक्टोबरमध्ये स्टाइनबेकला नोबेल जाहीर झालं. तो साठीला पोहोचला होता. पत्रकार जमले होते, त्यांतल्या एकानं विचारलं, तुम्ही या पुरस्काराला पात्र आहात असं तुम्हाला वाटतं का? त्यानं सरळ उत्तर दिलं, नाही. डिसेंबरात तो स्टॉकहोमला गेला आणि भाषणाला उभा राहिला.